मदत हवी आहे: फ्लॅटमध्ये खारे बांगडे कसे साठवता?
मंडळी जरा मदत करा. मी माहेरची सोलापूरची, आता फोंड्यात. सासूबाईंनी मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्तातून, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीच्या जत्रेतून, पावसाची बेगमी आणलीय, शंभर खारे बांगडे आणि दोन किलो गालमो म्हणजे बारीक सुकी सुंगटं (कोळंबी), कारण १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ट्रॉलर बंद, मग घरात सुकं नको का. पटतं हो, आणि गालमो भाजून खोबरं, कांदा, कोकम घातलेली किसमूर मी स्वतः दोनदा वाढून घेते पण डबा उघडला की पोटात ढवळतं!! मिस्टर म्हणतात हा वास नाही सुगंध आहे, वरच्या काकू मात्र जिन्यातच नाकाला पदर लावतात.

पेपरात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवले तर कागद ओला, आणि एका बांगड्यावर पांढरं आलंय ते मीठ की बुरशी तेच कळेना. बाल्कनीत मांजर. ऊन दाखवावं तर ढग आलेत. फ्रीजरमध्ये चालतील का, की बर्फालाही वास लागेल? काचेची बरणी कोणी वापरतं का? आणि भाजताना वास कमी यावा म्हणून काय करता?

शाकाहारींनी प्लीज नाक मुरडू नका, मीपण दोन वर्षं तेच केलंय 😄