झूझू कॉम्प्युटरवरचे नव्हतेच
व्होडाफोनच्या जाहिरातींतले ते पांढरे झूझू म्हणजे कॉम्प्युटर ॲनिमेशनची कमाल, असं बरेच जण म्हणतात. कमाल आहेच, पण कॉम्प्युटरची नाही! २००९ च्या त्या जाहिरातींत पांढऱ्या सूटमधे खरी माणसं होती, आणि शूटिंग नेहमीपेक्षा कमी, सेकंदाला २० फ्रेम्सने (म्हणजे २० चित्रं) केलेलं, म्हणून नेहमीच्या स्पीडला दाखवलं की हालचाल तुरुतुरु होते आणि डोळा फसतो. केवढा साधा विचार!

आम्ही ठाण्याला पाचपाखाडीत सोसायटीच्या गणपतीत असंच करून बघितलं, पोरांना मुद्दाम सावकाश नाचायला लावलं आणि मोबाईलवरचा व्हिडिओ थोडा फास्ट करून लावला, तर अक्षरशः चावीच्या बाहुल्या, विशेषतः गिरकी घेताना, कारण शरीराचं वजनच जाणवत नाही. जमल्यास त्या जाहिरातींतल्या नुसत्या वळण्याच्या जागा परत बघा.