नळ, नळी, नाळ, नाली... नक्की कशाला काय म्हणायचं?

माहेरवाशीण_बंगळूर
नमस्कार मंडळी, मुलगा सातवीत आहे, शाळा इंग्रजी पण घरी आम्ही मराठीच बोलतो. मे महिन्यात माहेरी गेलो तर सकाळी सहाला आईने हाक मारली "उठा रे, नळ आले!" आणि हा दारात जाऊन बघतोय कोण आलंय. दुपारी मामा म्हणाला नळी उंदराने कुरतडली, रात्री मटण वाढताना आजी म्हणाली नळी त्याला द्या. आता तो विचारतो नळी म्हणजे छोटा नळ का? मला धड सांगता आलं नाही, कोणी सांगाल का?

शिवार_७२
ताई, मामा म्हणाले ती ठिबकची नळी, ती काळी 16 एमएमची. आमच्याकडे जाड असेल तो पाईप, सरीत अंथरतो ती नळी. उन्हाळ्यात उंदीर नि खारी पाण्यासाठी कुरतडतात, मग तेवढा तुकडा कापून जॉइनर टाकायचा. उघड्यावरनं पाणी नेलं तर मात्र नळी कुणी म्हणत नाही, तो पाट नाहीतर दांड.

जुनी_वही
मूळ संस्कृत नल किंवा नड, म्हणजे बोरूसारखं आतून पोकळ गवत. हे एकदा धरलं की बाकीचं आपोआप लागतं, जे पोकळ आणि ज्यातून काहीतरी जातं ते नळी, मग पायाचं हाड असो की बंदूक. पुस्तकात तिचीच नलिका होते, श्वासनलिका, अन्ननलिका. आणि पोटाचे नळ फुगले म्हणतो ते आतड्यांना. मुलाला ती म्हण नक्की सांगा, "नळी फुंकिली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे". सोनार डाग देताना, म्हणजे दागिन्याचा सांधा जोडताना, नळीने फुंकून दिव्याची ज्योत बरोबर दागिन्यावर वळवतो, पण त्या नळीत स्वतःत काय राहतं, काहीच नाही, तसं एखाद्याला कितीही सांगा या कानातून त्या कानात. माझी आजी अभ्यासाला बसवताना रोज म्हणायची.

कडेकपारी
डोंगरातली नळी राहिली की! बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याला चढते ती नळीची वाट. दोन्ही बाजूला उभ्या भिंती, मध्ये नुसते धोंडे, वरून एक दगड सुटला तर तो त्या नळीतूनच खाली येणार, म्हणून वरचा ओरडतो "दगड!" आणि खालचे सगळे भिंतीला चिकटतात. आत उभं राहिलं की हा शब्द का दिला ते कुणी सांगावं लागत नाही. लिंगाणा किल्ल्याकडे उतरायला मोहरी गावातून बोराट्याची नाळ आहे, तीही तशीच घळ.

वऱ्हाडी_माणूस
आमच्या विदर्भात नाली म्हणजे गटार बरं का. पुण्यात नवीन होतो तेव्हा "नाली तुंबली" म्हटलं तर घरमालक काकूंना कळेचना, त्या बाथरूमची मोरी बघायला गेल्या.

माहेरवाशीण_बंगळूर
किती छान सांगितलंत सगळ्यांनी, मुलाला वाचून दाखवलं. बाळाची नाळ पण यातलीच ना? आणि घोड्याची नाल?

जुनी_वही
बाळाची नाळ यातलीच, तिच्यातूनच आईकडून सगळं पोचतं. म्हणून तर गावाशी नाळ जोडलेली आहे म्हणतो. घोड्याची नाल वेगळी, ती अरबीतून आली, तिकडे त्या शब्दाचा अर्थ जोडा, पायताण.