एमजी ब्रिटिश, स्कोडा जर्मन? गाडीचा देश ठरवायचा तरी कशावरून?

वळणरस्ता:
दसऱ्याला आमच्या सोसायटीत एकांनी एमजीची नवी हेक्टर आणली. पेढा हातावर ठेवत म्हणाले, "ब्रिटिश गाडी आहे!" सणाच्या दिवशी कोणाच्या आनंदावर विरजण नको म्हणून गप्प बसलो. इथे मात्र लिहितो, कारण हा गैरसमज फार जणांचा आहे.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमधलं, १९२४ पासूनचं नाव. इथवर सगळं खरं. पण एमजी रोव्हर कंपनी २००५ मध्ये बुडाली. चीनच्या नानजिंग ऑटोमोबाइलने ती विकत घेतली आणि पुढे नानजिंगच शांघायच्या सैक कंपनीत विलीन झाली. इंग्लंडात लाँगब्रिजला थोड्याफार गाड्या जोडल्या जायच्या, तेही २०१६ मध्ये थांबलं. आपल्याकडची हेक्टर म्हणजे मुळात चीनमधली बाओजुन ५३०, आणि ती तयार होते गुजरातेत हालोलला. जाहिरातीत मात्र २०१९ मध्ये बेनेडिक्ट कम्बरबॅच! ब्रिटिश उरलं ते नाव.

चिनी गाडी वाईट असते असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की गाडीचा देश मालकावरून ठरवावा. पुढचं मॉडेल कोणतं, इंजिन कुठलं, धंदा चालू ठेवायचा की गुंडाळायचा, हे सगळं मालक ठरवतो. घाम गाळून मिळवलेले दहा-पंधरा लाख मोजणाऱ्याला तो मालक ठाऊक असायलाच हवा.

कातळशिल्प:
मालकावरून? मग रेंज रोव्हरला मुंबईची गाडी म्हणा. २००८ मध्ये टाटांनी जॅग्वार लँड रोव्हर फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरला घेतली, तेव्हा आपल्या सगळ्यांचा ऊर भरून आला होता, माझाही. पण ती गाडी आजही इंग्लंडातच, गेडनला आखली जाते आणि सॉलिहलला बनते. आदल्या दिवशी अमेरिकन होती आणि एका सहीने भारतीय झाली, असं कसं म्हणता येईल?

व्होल्वोचंही तेच. १९९९ मध्ये फोर्डची, २०१० पासून चीनच्या जीलीची, पण काम चालतं ते स्वीडनमधल्या गोथेनबर्गला. (आपण रात्रीच्या ज्या व्होल्वोने बंगळूरला जातो, ती बस बनवणारी कंपनी वेगळी. ती जीलीला विकलेली नाही.)

गाडी जिथे आखली जाते तो तिचा देश, असं माझं मत. या न्यायानेही हेक्टर चिनीच ठरते, पण तुमचं कारण मला मान्य नाही.

शेंद्र्याचा_माणूस:
स्कोडाबद्दल मला बोलू द्या, कारण संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या प्लांटमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. २००१ मध्ये तिथे ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात झाली. तेव्हापासून आजतागायत लग्नकार्यात कोणीतरी विचारतंच, "जर्मन कंपनीत ना तुम्ही?"

नाही हो. स्कोडा चेक आहे, म्हणजे चेक प्रजासत्ताकातली. म्लादा बोलेस्लाव्ह नावाच्या गावात १८९५ मध्ये लॉरिन आणि क्लेमेंट या दोघांनी सायकलींपासून सुरुवात केली. फोक्सवॅगन आली १९९१ मध्ये, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. इंजिनं फोक्सवॅगन समूहाची आहेत, हे कबूल. पण भारतासाठीच्या नव्या गाड्यांच्या प्रकल्पाची सूत्रं समूहाने स्कोडाकडेच दिली होती. कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगुन, दोन्ही त्यातूनच आल्या आणि दोन्ही चाकणलाच बनतात. स्कोडाला जर्मन म्हणणाऱ्यांनी मग टायगुनला चेक म्हणायला हवं! आणि माझ्यासारख्याला विचाराल तर दोन्ही मराठी मुलखातल्या. कष्ट इथल्या पोरांचे आहेत. ते कुठल्याच हिशेबात का धरायचे नाहीत?

ग्रीसचे_हात:
गॅरेजचा अनुभव सांगतो. शेवरलेची स्पार्क घेऊन गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "अमेरिकन गाडी, पत्रा बघा." ती गाडी कोरियाची, दैवूच्या मॅटिझची पुढची आवृत्ती. ऑप्ट्राही दैवूचीच, लासेटी नावाची. टवेरा इसुझूची, म्हणजे जपानी. बीट आखली कोरियात आणि बनवली आपल्या तळेगावात. गिऱ्हाइकाला सांगितलं की त्याचा चेहरा उतरायचा, म्हणून पुढे पुढे मी सांगणंच सोडलं. ते चुकलंच माझं.

पण कातळशिल्प साहेब, तुमचा नियमही पुरा पडत नाही. स्विफ्ट डिझेल घ्या. गाडी सुझुकीची, इंजिन फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट, बनायचं हरियाणात मानेसरला. तेच इंजिन टाटांच्या इंडिका व्हिस्टात. आता ही गाडी जपानी की इटालियन? मी चेसिस नंबर बघतो. सुरुवातीला एमए ते एमई यातलं काही असेल, तर गाडी भारतात बनलेली.

हिशेबी:
चेसिस नंबरवरून नफा कुठे जातो ते कळत नाही, दादा. मारुतीला आपण घरची मानतो, नावच तसं आहे. पण २००२ पासून निम्म्याहून जास्त हिस्सा सुझुकीचा आहे. लाभांशाचा मोठा वाटा जपानला जातो. मी वळणरस्ता यांच्या बाजूने, पण एक दुरुस्ती: २०२४ पासून एमजीच्या भारतातल्या कंपनीत ३५ टक्के हिस्सा जेएसडब्ल्यूचा आहे. मालकावरूनच ठरवायचं तर तेवढा भारतही मोजा.

वळणरस्ता:
जेएसडब्ल्यूचा उल्लेख राहिला, चूक मान्य. रेंज रोव्हरला मुंबईची म्हणायला माझीही जीभ धजत नाही, हेही कबूल. पण मालक लपवून जुन्या नावाच्या पुण्याईवर गाडी विकणं मला पटत नाही आणि पटणार नाही.

आणि शेवरले घेणाऱ्यांचं काय झालं? देखण्या नावाखाली गाडी घेतली आणि २०१७ मध्ये मालकाने, म्हणजे अमेरिकेच्या जनरल मोटर्सने, भारतातली विक्रीच थांबवली. तिथे कोरियातला आराखडा किंवा तळेगावचे कष्ट कामी आले नाहीत. निर्णय डेट्रॉइटचा होता.

जुनी_आरसी:
सगळे एक गाडी विसरलात. ज्या विल्यम मॉरिसच्या गॅरेजचं नाव एमजीवर आहे, त्याच्याच मॉरिस मोटर्सची 'मॉरिस ऑक्सफर्ड' म्हणजे आपली अ‍ॅम्बॅसडर! १९५८ ते २०१४, बंगालमध्ये उत्तरपाड्याला बनत होती. आराखडा इंग्लंडचा, मालक बिर्ला, कामगार इथले. आणि तिला ब्रिटिश म्हणणारा एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. उलट पद्मिनी कुर्ल्यात बनायची, १९७४ पासून नावही पद्मिनी, तरी मुंबईकर शेवटपर्यंत तिला 'फियाट'च म्हणत राहिले.

कातळशिल्प:
आमच्या आजोबांची अ‍ॅम्बॅसडर होती. माझ्याच नियमाने ती ब्रिटिश ठरते. हे लिहिताना जड जातंय, पण नियम मी बदलत नाही.