आर्डमोरचा मेरियन गोल्फ कोर्स : एवढ्याशा जागेत अठरा होल बसवले कसे?

दूरदेशी : मी फिलाडेल्फियाच्या पश्चिम उपनगरात राहतो आणि आर्डमोर अ‍ॅव्हेन्यूवरून जाता-येता मेरियन क्लबचा ईस्ट कोर्स रोज पाहतो. क्लब खासगी असल्यामुळे माझी ओळख गाडीच्या काचेतून झाली तेवढीच. भोवती घरे, मधोमध वाहता रस्ता आणि जमीन जेमतेम सव्वाशे एकर, असे असताना १९१२ सालचा हा कोर्स रचनेचा आदर्श का मानतात? शिवाय चेंडू घालायच्या खळग्यातल्या काठीवर निशाणाऐवजी टोपली कशासाठी?

यार्डमोजणी : रस्त्याचे आधी सांगतो. दुसऱ्यापासून बाराव्यापर्यंतचे होल (सुरुवातीच्या जागेपासून खळग्यापर्यंतचे खेळाचे पट्टे) पलीकडे आहेत, तर पहिला आणि शेवटचे सहा क्लबहाउसच्या बाजूला; म्हणजे पूर्ण खेळात रस्ता दोनदाच ओलांडावा लागतो. सुरुवातीला दहा, अकरा आणि बारा या होलांवर चेंडू रस्त्यावरून मारावा लागे, पण मोटारी वाढल्यावर १९२०च्या दशकाच्या आरंभी ते बदलले. दुसऱ्या होलवर रस्ता अजूनही उजव्या हाताला खेटून आहे आणि चेंडू त्यावर गेला की हद्दीबाहेर. आखणी करणारा ह्यू विल्सन विमा व्यवसायातला हौशी खेळाडू होता, हे मला अधिक नवलाचे वाटते.

खाणकाठ : खरी करामत शेवटच्या तीन होलांत आहे. त्या जागेत दगडाची जुनी खाण होती, आणि ती बुजवण्याऐवजी विल्सनने तिलाच खेळात ओढले. सोळाव्यावर दुसरा फटका खाणीवरून ग्रीनवर (खळग्याभोवतीच्या आखूड गवतावर) न्यायचा असतो, आणि ज्याला तेवढा भरवसा नसेल त्याच्यासाठी उजवीकडून वळसा ठेवलेला आहे, मात्र त्यात एक फटका गेलाच म्हणून समजा. सतरावा उंचावरून खाणीपार खाली खेळायचा, आणि अठराव्यावर टीवरचा (सुरुवातीच्या जागेवरचा) पहिलाच फटका तिच्यावरून. याच अठराव्यावर १९५० साली, भीषण मोटार अपघातानंतर जेमतेम सोळा महिन्यांनी, गोल्फपटू बेन होगनने एक नंबरच्या आयर्नने (लोखंडी डोक्याच्या काठीने) चेंडू ग्रीनवर पोचवून आघाडीची बरोबरी साधली आणि दुसऱ्या दिवशी यूएस ओपन ही अमेरिकेची खुली गोल्फ स्पर्धा जिंकली.

यार्डमोजणी : जागेच्या आक्षेपाला २०१३च्या यूएस ओपनने उत्तर दिले आहे. कोर्सची लांबी सात हजार यार्डांच्याही आत, त्यामुळे आजचे लांब मारणारे खेळाडू त्याची दैना करतील असे अनेकांना वाटत होते. प्रत्यक्षात विजेता जस्टिन रोजसुद्धा पारपेक्षा (ठरलेल्या फटक्यांपेक्षा) एक फटका वर राहिला. अरुंद फेअरवे (कापलेल्या गवताची खेळायची वाट), दाट गवत आणि उतरती ग्रीन यांच्यापुढे नुसती ताकद चालत नाही. मंडप आणि सरावाच्या सोयींसाठी मात्र आयोजकांची ओढाताण झाली, तेव्हा लहान जागेचा तोटा नाही असे मी म्हणणार नाही.

खाणकाठ : टोपल्या वेताच्या असतात. निशाण फडफडले की वारा कळतो, टोपली काहीच सांगत नाही. पहिल्या नऊ होलांवर त्या लाल, पुढच्या नऊवर नारिंगी.

दूरदेशी : आभार. रस्त्यालगत कुठे लाल तर कुठे नारिंगी टोपली दिसते, आणि नारिंगी म्हणजे उन्हाने विटलेली लाल, अशी आजवर माझी समजूत होती.