मदत हवी आहे : सायबर गुन्हे आणि दहशतवादविरोधी अभ्यास, परदेशात की गांधीनगरला?

नमस्कार मंडळी. मी जिंतूर तालुक्यातली, छत्रपती संभाजीनगरला फॉरेन्सिक सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे.

गेल्या दिवाळीत बाबांना केवायसीची लिंक आली. सोयाबीनचे 48 हजार खात्यातून गेले. बाबा रात्रभर ओसरीवर मोबाईल हातात धरून बसले, कुणाशी बोलले नाहीत. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. तेव्हाच ठरवलं, पुढे हेच शिकायचं.

वाचत गेले तसं लक्षात आलं की फसवणूक आणि दहशतवाद यांच्या वाटा बऱ्याचदा एकच असतात: भाड्याची बँक खाती, खोटी सिमकार्डं, क्रिप्टो. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातही 2008 च्या दुरुस्तीने 66एफ (66F) कलम आलं, सायबर दहशतवादाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा.

आता अडचण. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात सायबरचं शिक्षण आहे, खर्चही झेपेल. पण युरोपात इरास्मस मुंडस या युरोपीय संघाच्या योजनेचे संयुक्त अभ्यासक्रम आहेत, त्यात दोन-तीन देशांत राहून शिकता येतं. मला तेच मनापासून हवंय. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर मात्र शेत गहाण पडेल, आणि बाबांना ते मी करायला लावणार नाही.

कुणी तिकडे शिकून आलंय का? परत आल्यावर पोलीस किंवा तपास यंत्रणांत त्या पदवीचा उपयोग झाला का? अर्जासोबतचं पत्र कसं लिहिलंत? आपल्या भागातल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.