गणपतीच्या मोसमात ऑफसेट 95 टक्के भरावं का?

उत्पादन नियोजक
लोअर परळ, प्रभादेवीच्या गाळ्यांतल्या छापखान्यांत कार्यक्षमतेचं एकच माप चालतं: ऑफसेट, म्हणजे छपाईचं मुख्य मशीन, किती तास फिरलं. मोसमात हे माप घात करतं. मंडळाची पावतीपुस्तकं चतुर्थीनंतर हातात पडली तर ती रद्दीच. परिणामकारकता म्हणजे इथे एवढंच, की माल वेळेवर आणि पुरा पोचला पाहिजे.

यामागचं गणित रांगेचं आहे. कामं कधीही येतात, प्रत्येकाला लागणारा वेळही वेगळा. एका कामाला सरासरी एक तास धरा. मशीन 80 टक्के भरलं, म्हणजे उपलब्ध वेळेतला 80 टक्के वेळ कामात असेल, तर नवं काम सरासरी 4 तास थांबतं, 90 ला 9 तास, 95 ला 19. त्यात तातडीचं काम घुसलं की चालू जॉब उतरवा, प्लेट बदला, ब्लँकेट (मशीनमधली रबरी चादर) धुवा, रंग जुळवा आणि जुना जॉब परत चढवताना पुन्हा तेच सगळं. म्हणून मोसमात 80-85 च्या वर जाऊच नये.

गाळामालक
अजिबात पटलं नाही. मशीन उभं राहिलं म्हणून मुंबईतलं गाळ्याचं भाडं आणि मशीनचा हप्ता थांबत नाही. ते रिकामे तास कोणाच्या बिलात लावायचे?

शिवाय 19 तासांचा आकडा चढउतार फार मोठा धरून काढलाय. कामं येण्यातला आणि लागणाऱ्या वेळेतला, असे दोन्ही चढउतार निम्म्यावर आणले तर त्याच 95 टक्क्यांना थांबणं पावणेपाच तासांवर येतं. खरी मेहनत तिथे घ्या. जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांची पद्धत साधी आहे: मशीन थांबवूनच होणारी कामं एकीकडे, चालू असताना उरकणारी दुसरीकडे. पुढच्या जॉबच्या प्लेट तपासून ठेवणं, ताव मोजून मोकळे करणं, शाई ढवळून ठेवणं, हे मागचा जॉब फिरत असतानाच व्हायला हवं.

8 तासांच्या पाळीत 8 जॉब आणि प्रत्येकी 40 मिनिटं सेटिंग (जॉब बदलताना मशीनची तयारी), म्हणजे 320 मिनिटं त्यातच गेली, छपाईला उरली 160. सेटिंग 20 वर आणा, छपाईला 320 मिळतात. एकाच रंगाची पुस्तकं लागोपाठ घ्या आणि फिक्या शाईकडून गडद शाईकडे जा, धुण्याचा वेळ वाचतो.

बाइंडिंग विभाग
तुम्ही दोघंही ऑफसेटपाशीच अडकलात. पावतीपुस्तक तुंबतं पुढे, नंबरिंग (पावत्यांवर क्रमांक छापणं) आणि परफोरेशनला (पावती फाडायची भोकांची रेघ). ऑफसेट तासाला 8,000 ताव काढतं, हे काम करणारं ट्रेडल मशीन हजार-बाराशे. ऑफसेटचा वेग वाढवून फक्त थप्पी वाढते.

आणि पावसाळ्यात ही थप्पी निरुपद्रवी नसते. शाई वाळायच्या आत वजन पडलं की खालच्या तावाची शाई वरच्याच्या पाठीवर उमटते. कागद ओल धरतो, कडा लहरतात, मग नंबर आणि परफोरेशनची रेघ दोन्ही सरकतात. नंबरिंग बॉक्सच्या चाकात कागदाचा भुसा अडकला तर एकच आकडा दोन पावत्यांवर पडतो. मंडळाच्या हिशोबात तो घोळ कोण निस्तरणार? दर 50 पावत्यांना एक काढून बघायलाच हवी, आणि घाई असली की नेमकी हीच तपासणी गळते.

उत्पादन नियोजक
मग माझा मुद्दा ट्रेडलला लावा. ट्रेडल दिवसात जेवढं उरकेल तेवढंच पावतीपुस्तकाचं काम ऑफसेटवर चढवायचं, वर फार तर एका दिवसाचा साठा. ऑफसेट मधे उभं राहिलं तर राहू द्या.

गाळामालक
उभं कशाला? लेटरहेड, हँडबिलं घ्या, त्यांना ट्रेडल लागतच नाही. आणि पोटभर काम असेल तर नंबरिंग बाहेर द्या.

बाइंडिंग विभाग
बाहेर दिलेल्या नंबरिंगची तपासणी शेवटी आमच्याच टेबलावर येते, तो वेळ धरा. आणि लेटरहेडलाही कटिंग लागतंच. कटर एकच असेल तर पावतीपुस्तकं तिथे अडतील. लेटरहेडचं कटिंग पावतीपुस्तकं संपल्यावर, पाळीच्या शेवटी.

गाळामालक
कटरचं मान्य. 80 टक्के मात्र अजूनही मान्य नाही. आधी आठवडाभर जॉबगणिक सेटिंगची मिनिटं आणि ट्रेडलपुढे पडून असलेले ताव रोज संध्याकाळी लिहा. ते आकडे इथे टाका, मग बोलू.