अनुदान आयोगाच्या खुर्चीत कोण बसावं?

अक्षरवेल
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६च्या कायद्यात पाचव्या कलमात एक अट आहे: अध्यक्ष केंद्र किंवा राज्य सरकारचा अधिकारी नसावा. सदस्यांमध्ये सरकारचे प्रतिनिधी चालतात, अध्यक्ष मात्र बाहेरचाच हवा. एप्रिल २०२५मध्ये अध्यक्ष प्रा. जगदेश कुमार निवृत्त झाले आणि त्या पदाचा अतिरिक्त कार्यभार उच्च शिक्षण सचिवांकडे, म्हणजे केंद्राच्याच अधिकाऱ्याकडे गेला. तात्पुरती सोय असली तरी मला ती खटकली. विद्यापीठांसाठी मंत्रालयाकडे पैसे मागायचे आणि मंत्रालयाच्या बाजूने हात आखडायचा, ही दोन्ही कामं एका माणसाने करायची कशी? या खुर्चीत वर्गात शिकवलेला, संशोधन केलेला माणूसच हवा. कोठारी, यशपाल, निगवेकर, थोरात ही प्राध्यापक अध्यक्षांची परंपरा उगाच नाही.

ताळेबंद
परंपरा सांगताना चिंतामणराव देशमुखांना का वगळलंत? १९५६ ते ६१ तेच अध्यक्ष होते. आयसीएस (ब्रिटिशकालीन सनदी सेवा) अधिकारी, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग अर्थमंत्री. प्राध्यापक नव्हते. वैधानिक आयोगाची घडी बसवली ती त्यांच्याच काळात. पैसा वाटणाऱ्या संस्थेला अर्थसंकल्प वाचता येणारा माणूस लागतो. नुसता मोठा शास्त्रज्ञ आणून बसवला तर फायली सचिवालयच चालवतं आणि अध्यक्ष सह्या करतो.

अक्षरवेल
देशमुखांचा मुद्दा मान्य, तो माझ्याकडून सुटला. पण ते आले कसे ते पाहा. मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडून आले. ज्याने खुद्द पंतप्रधानांना राजीनामा दिला, त्याला शिक्षण मंत्रालयाची भीड कसली? तेव्हा ‘प्राध्यापकच हवा’ हा हट्ट सोडते. मंत्रालयाला ‘नाही’ म्हणू शकणारा हवा. सेवेत असलेल्या अधिकाऱ्याला ते शक्य नाही, आणि कायद्यातली अट त्यासाठीच आहे असं मी मानते.

टिपणवही
मी एका अनुदानित महाविद्यालयात लेखा विभागात आहे. आमचे पगार राज्य सरकार देतं. आयोगाच्या पैशातला मोठा वाटा केंद्रीय विद्यापीठांना जातो. २ एफ आणि १२ बी, म्हणजे आयोगाच्या कायद्यातल्या त्या कलमांखालची मान्यता आणि अनुदानाची पात्रता, मिळाली म्हणून आम्हाला विकास अनुदान मिळालं. इमारतीचा पहिला हप्ता आला. दुसऱ्यासाठी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आधीचा पैसा ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला, पाठवलं, त्रुटी निघाली, पुन्हा पाठवलं. मधल्या काळात लोखंडाचे भाव वाढले, ठेकेदार निघून गेला. दोन वर्षं मुलींच्या वसतिगृहाचा फक्त जोता उभा होता. अध्यक्ष किती बाणेदार आहेत याने आमच्या पत्राला उत्तर येत नव्हतं. मला तरी व्यवस्था हलवणारा माणूस हवा, मग तो अधिकारी का असेना.

दूरचा किनारा
माणसाचा शोध बाजूला ठेवा. मान्यताही तोच आयोग देतो, पैसाही तोच. त्यामुळे प्रत्येक पाहणीला धाक चिकटतो. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात नियमन, मूल्यांकन, अनुदान आणि शैक्षणिक दर्जा यांसाठी चार वेगळ्या परिषदा सुचवल्या आहेत. मला ते योग्य वाटतं.

अक्षरवेल
वेगळं करायला हरकत नाही, पण पैसा कोणाच्या हाती जातो ते पाहा. २०१८मध्ये आयोग बरखास्त करण्याचा मसुदा आला, त्यात अनुदानाचा अधिकार मंत्रालयाकडे जाणार होता. प्राध्यापक संघटनांनी विरोध केला तो यावरच. ब्रिटनमधली १९१९ची अनुदान समिती बहुतांशी विद्वानांची होती आणि कित्येक दशकं पाच-पाच वर्षांचं अनुदान एकत्र ठरवायची. विद्यापीठांना पुढचं दिसायचं. सरकार आणि विद्यापीठ यांच्यामध्ये उभा राहणारा कोणीतरी होता.

ताळेबंद
आणि तीच समिती १९८९मध्ये गुंडाळली गेली, कारण करदात्याचा पैसा कुठे जातो हे सरकारला पाहायचं होतं. तो प्रश्न गैर नव्हता. मधे उभं राहणाऱ्याने हिशेबही द्यायला हवा.

टिपणवही
हिशेब द्यायला आम्ही कधी मागे हटलो नाही, पै-पैची पावती आहे. पण अक्षरवेल म्हणतात ते पाच वर्षांचं अनुदान मनात राहिलं. रक्कम आधी कळली असती तर वसतिगृहाचं काम एकाच ठेक्यात दिलं असतं. इथे मी अधिकाऱ्याची बाजू घेत होतो, पण एवढी एक गोष्ट मंत्रालयाकडून मिळवून आणणारा प्राध्यापक असेल, तर माझं मत त्याला.